पहिला घोट मालकाचा

कडूकाकूंच्या अंगणात शेळीला जंताचा काढा पाजून घ्यायचा असेल, तर आधी शेळीच्या मालकाला तोंड उघडावं लागे. स्टीलचं लहानसं फुलपात्र, त्यात तळाशी हिरवट तपकिरी काढा. काकू ते समोर धरायच्या आणि मान दुसरीकडे वळवून उभ्या राहायच्या, जणू पुढे काय होतंय यात त्यांना काडीचाही रस नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मात्र अगदी मन लावून बघायच्या. माणूस घोट घ्यायचा, त्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं. जरा श्वास सापडला की तो विचारायचाच, जनावराचं औषध, मग आम्हाला कशाला?

काकूंचं उत्तर ठरलेलं. "विष आहे की नाही ते कळायला नको? आमच्या थोरल्या जाऊबाईंनी सांगून ठेवलंय ना सगळ्यांना. तुमच्या शेळीला काही व्हायचं असेल तर आधी तुम्हाला होऊ दे."

हे इतक्या गोड आवाजात की चिडायचं कोणावर ते समोरच्याला कळायचं नाही. मग तो थोरलीवर चिडायचा. गल्लीत थोरली भेटली की लोक तिच्याकडे बघून अजून तोंड कडू असल्यासारखे ओठ मुरडायचे. घोट काकूंचा आणि शिव्या थोरलीला, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. सूड म्हणतात तो असाही घेता येतो, चमच्या-चमच्यानं, हे काकूंकडे बघून कळायचं.

काकूंचं घर गल्लीच्या टोकाला. दोन खोल्या, वर पत्रा, मागे हातभर जागा आणि त्यात एक कडुनिंब. पुढच्या खोलीत खाट, मागच्या खोलीत औषधाचा संसार. खिडकीच्या गजांना दोरी बांधून त्यावर डाळिंबाच्या साली वाळत घातलेल्या. त्या कोपऱ्यावरचा रसवाला द्यायचा, त्याला नाहीतरी त्या फेकायच्याच असत. पपईच्या बिया फळवालीकडून, त्याही फुकट. बिया उन्हात वाळवून, दगडी खलात कुटून डब्यात. लसूण सोलून-सोलून काकूंच्या नखांना जो वास लागला होता तो साबणाच्या बापाला निघाला नसता. त्या लग्नसमारंभाला गेल्या की बायका त्यांच्या शेजारी जरा अंतर राखून बसायच्या, आणि काकूंना ते आवडायचं. ऐसपैस बसता येतं, म्हणायच्या.

काढ्याबद्दल त्यांचा कसलाही मोठेपणा नव्हता. जंत थोडे असतील तर काढा भागवतो, पोट भरून झाले असतील तर नाही, हे त्या स्वतःच सांगायच्या. शेळीची खालची पापणी अंगठ्यानं उलटून बघायच्या. आत पिकल्या टोमॅटोसारखी लाल असेल तर काहीच नको, उगाच औषध कशाला. गुलाबी असेल तर काढा. पांढरी पडली असेल तर सरळ जनावरांच्या दवाखान्यात पाठवायच्या. डॉक्टरीणबाईंचं आणि त्यांचं बरं जमे. बाई म्हणायच्या, काकू, काढा द्या, पण आधी लेंड्या माझ्याकडे तपासायला पाठवा. काकू पाठवायच्या, कागदाच्या पुडीत नीट बांधून, पेढे पाठवावेत तशा.

खरी गोष्ट मात्र त्या पुडीत नाही, त्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे थोरलीचं घर, आणि घरामागे मोठा गोठा. एके काळी तो दोघींचा होता.

दोघे भाऊ, दोघी जावा, एक चूल, एक गोठा. थोरली दुधाचं आणि माणसांचं बघायची, धाकटी शेळ्यांचं. शेळ्यांचा तो सगळा वंश धाकटीनं माहेराहून आणलेल्या एका शेळीपासून वाढवलेला. तिच्या कपाळावर पांढरा पट्टा होता आणि पुढे तिच्या लेकीनातींच्या कपाळांवर तो उतरत गेला. धाकटीचा नवरा तरणाच गेला, मूलबाळ झालं नाही, त्यामुळे तिचा सगळा जीव गोठ्यात. थोरलीला हे पटायचं नाही. माणसांच्या घरात राहून हिला शेळ्यांची भाषा बरी येते, म्हणायची.

एकदा धाकटीची आई आजारी पडली म्हणून ती माहेरी निघाली. जाताना काढ्याची बाटली थोरलीच्या हातात दिली आणि पायरीवर उभी राहून सांगितलं, जाऊबाई, पाटींना, या अजून न व्यायलेल्या लहान शेळ्यांना द्या, बोकडांना द्या, गाभण शेळ्यांना मात्र थेंबही नको. पपईच्या बिया पोटातलं टिकू देत नाहीत. थोरलीनं मान हलवली. ती मान हलवायची तेव्हा ऐकलेलं असायचंच असं नाही.

पुढे काय झालं ते असं. गाभण शेळ्यांची लेंडी पातळ झालेली थोरलीनं पाहिली. तिच्या मनात आलं, जे लेकीला चालतं ते आईला का चालू नये? धाकटीला मिरवायची हौस, याला द्या त्याला देऊ नका, जशी काही मोठी वैद्यच. थोरलीनं सगळ्यांना पाजलं, आणि गाभणींना जरा जास्तच, पोटात दोन जीव म्हणून. एकामागोमाग एक सगळ्या गाभण शेळ्या गाभडल्या.

धाकटी परत आली तेव्हा गोठ्याची जमीन धुतलेली होती आणि थोरली गालाला हात लावून दारात बसली होती. घरी, दारी, डेअरीवर, सगळीकडे तिचं सांगून झालं होतं की धाकटीनं बाटलीत काय कालवून ठेवलं होतं देव जाणे, विषच म्हणायचं. धाकटी म्हणाली, मी सांगून गेले होते. थोरलीनं वर बघितलं आणि विचारलं, "कधी सांगितलंस? कोणासमोर?"

तेवढे तीन शब्द. पायरीवर त्या दिवशी दोघींशिवाय तिसरं कोणी नव्हतं. धाकटीनं दिराकडे पाहिलं, दिरानं खुंटीकडे पाहिलं.

आधी चूल वेगळी झाली, मग गोठा, मग गल्लीच्या टोकाच्या दोन खोल्या. शेळ्या गोठ्यातच राहिल्या. एक भाकड शेळी उपकार म्हणून मिळाली. घरातून निघताना धाकटीनं भांडण केलं नाही, की रडणं-भेकणं केलं नाही. उंबऱ्यावर थांबून ती एवढंच म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही हे खोटं चारचौघांत बोललात. खरंही चारचौघांतच बोलाल. मी वाट बघीन." वैर मांडलं तरी 'तुम्ही'चं 'तू' केलं नाही. थोरलीला तेच जास्त लागलं असावं.

पुढे कितीतरी दिवस काकूंच्या दारी कुत्रंही फिरकलं नाही. विषाचा शिक्का बसलेल्या बाईचं औषध कोण घेणार? शेवटी आला तो रसवाला. त्याची एकुलती एक शेळी खंगत चालली होती आणि त्याला डाळिंबाच्या साली कुठे जातात याचं कुतूहलही होतं. बाटली पुढे येताच तो मागे सरला. काकूंनी स्वतः एक घोट घेतला. रसवाला म्हणाला, तुम्हाला सवय असेल. मग तू घे, काकू म्हणाल्या. त्यानं घेतला, गटारावर जाऊन थुंकला, परत आला आणि म्हणाला, कडू आहे, पण मेलो नाही. शेळी सुधारली. नियम तिथून सुरू झाला, आणि कडूकाकू हे नावही त्यानंच दिलेलं.

तर असं सगळं ठीक चाललं असताना थोरलीच्या शेळ्या आजारी पडल्या.

कारण सगळ्यांना दिसत होतं. कालव्याकडेला हिरवंगार, बोटभर उंचीचं गवत, तिथे थोरलीच्या शेळ्या पहाटेच्या दवात चरायच्या. दवाबरोबर जंतांची पिल्लं गवताच्या शेंड्यावर चढून बसतात, ऊन वर आलं की खाली उतरतात, म्हणून शेळी उन्हं चढल्यावर सोडावी आणि खालच्या गवतापेक्षा झुडपाचा पाला खाऊ द्यावा. काकू हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. थोरलीच्या कानावर ते गेलं होतंच, पण धाकटीनं सांगितलेलं ऐकलं तर ती थोरली कसली? तिनं दुकानातून जंताच्या गोळ्या आणल्या, एक गोळी मोडून तिघींत वाटली, दर महिन्याला तीच, तेवढीच. जंतांना त्या गोळीची सवय झाली. पुढे तर पचनाला घेत असावेत.

थोरलीची सून एक दिवस मागच्या बोळातून काकूंकडे आली. चेहरा उतरलेला, पण जीभ शाबूत. म्हणाली, सासूबाईंना माहीत नाही मी आलेय ते, त्यांना वाटतंय मी दळण आणायला गेलेय, तेव्हा जरा पटकन सांगा नाहीतर दळण इतकं बारीक का झालं म्हणून विचारतील. काकूंनी तिला चहा दिला. एकेका शेळीचं विचारलं. कोण किती खाते, लेंडी कशी, केस उभे राहिलेत का. बांडी म्हणून एक होती, काळी-पांढरी, कपाळावर तोच पट्टा. तिच्या जबड्याखाली पाण्याची गाठ लोंबत होती.

"पापणी?" काकूंनी विचारलं.

"पांढरी. कागदासारखी."

काकूंचा हात कपावर थांबला. पट्टा म्हणजे आपल्या माहेरच्या शेळीची नात की पणती, याचा त्या मनात माग काढत होत्या. जबड्याखाली पाणी उतरलं म्हणजे काढ्याच्या पलीकडचं काम. डॉक्टरीणबाई प्रशिक्षणाला बाहेर गेल्या होत्या, आपल्याकडच्या दवाखान्याला कुलूप होतं. पण पलीकडच्या गावचा दवाखाना उघडा होता. त्या दिवशी सकाळीच साली देताना रसवाल्यानं सांगितलं होतं. ते काकूंच्या अगदी जिभेवर आलं.

त्यांनी ते चहाबरोबर गिळलं आणि विचारलं, "शेळ्यांची मालकीण कोण?"

"सासूबाई."

"मग पहिला घोट त्यांचा. त्यांना पाठव."

सून म्हणाली, मी घेते, घोट कशाला, पातेलं पिते. काकूंनी मान हलवली. नियम म्हणजे नियम. सून उठली, दारात थांबली आणि म्हणाली, तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी असायला हव्या होत्या, फुकट जावा झालात.

मग काकूंचं वाट बघणं सुरू झालं. लग्नघरासारखं. अंगण झाडलं, फुलपात्र चिंचेनं घासलं, रोज सकाळी ताजा काढा उकळला आणि रोज संध्याकाळी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतला. बातमी फुटलीच होती. रसवाल्याची विश्रांतीची वेळ काकूंच्या अंगणात सरकली. डेअरीवाला उगाच किटली घेऊन चक्कर टाकायचा. फळवाली बियांच्या निमित्तानं बसून राहायची. आली का, नाही अजून. थोरली काही येईना. ती गोळ्या मोडत राहिली, आणि बांडी गोठ्याच्या कोपऱ्यात बसून राहिली.

शेवटी आली. भर सकाळी, डेअरी सुटायच्या वेळेला, म्हणजे बघायला माणसं असणारच अशा वेळेला. पुढे थोरली, चांगली धडधाकट, चालण्यात अजून मालकिणीचा डौल. मागे दोरीला शेळ्या. त्यांच्या मागे सून हातगाडी ओढत होती आणि गाडीत पोत्यावर बांडी.

काकूंनी पदर खोचला. "या जाऊबाई. फार दिवसांनी वाट चुकलात."

थोरलीनं हात पुढे केला. काकूंनी फुलपात्र दिलं. इतरांना तळाशी घोटभर, हिला काठोकाठ. अंगणातल्या सगळ्यांना ते दिसलं, रसवाल्यानं तर स्वतःचाच गळा धरला. थोरलीनं फुलपात्र तोंडाला लावलं आणि उभ्याउभ्या सगळं प्यायली. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. मग ओठ पुसले, रिकामं फुलपात्र उलटं करून दाखवलं आणि म्हणाली, "लसूण जरा कमी पडलाय."

लोक हसले. कित्येक वर्षं काकूंच्या बाजूनं हसणारं ते अंगण एका वाक्यात थोरलीच्या बाजूला गेलं. काकूंचे कान लाल झाले. ज्या चेहऱ्यासाठी त्यांनी गावभरच्या लोकांना कडू पाजलं होतं, तो चेहराच हलला नाही.

पण शेळ्या समोर होत्या. काकू खाली बसल्या. एकेकीची पापणी उलटली, बरगड्यांवरून हात फिरवला, मग पोटाखाली हात घालून डोळे मिटून थांबल्या. पुढची, तिच्या पुढची. उठल्या, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. पाटींना देते, म्हणाल्या, पण या मोठ्या सगळ्या गाभण आहेत, यांना नाही.

थोरलीचा इतका वेळ आवरलेला पारा इथे चढला. सगळ्यांसमोर ते फुलपात्रभर जहर पोटात घातलं, ते कशासाठी?

"मुद्दाम करतेयस तू. मला पाजलंस आणि आता माझ्या शेळ्यांना नाही म्हणतेस."

"गाभणीला हा काढा चालत नाही, जाऊबाई."

"तेव्हाही हेच म्हणाली होतीस."

थोरलीचं तोंड उघडं राहिलं होतं, गेलेले शब्द परत येतात का याची वाट बघत असल्यासारखं.

"कधी?" रसवाल्यानं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

काकूंनी घाई केली नाही. इतकी वर्षं थांबलेली बाई, आणखी जरा थांबली. मग अगदी हळू, आजारी माणसाची चौकशी करावी तसं विचारलं, "सांगा ना, जाऊबाई. कधी म्हणाले होते?"

"माहेरी जाताना," थोरली म्हणाली. "बाटली देताना. पायरीवर."

"आणि तुम्ही?"

"दिला मी. सगळ्यांना दिला."

"डेअरीवाले मागे उभे आहेत. त्यांना ऐकू गेलं नसेल."

थोरलीनं जावेकडे पाहिलं. त्या नजरेनं दूध नासलं असतं. मग ती लोकांकडे वळली आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात बोलली, "धाकटी सांगून गेली होती. मी ऐकलं नाही. आणि वर तिलाच विषारी ठरवलं. ऐकलं सगळ्यांनी? की परत सांगू?"

परत सांगायची गरज नव्हती. फळवालीनं तोंडावर हात धरला होता. सून हातगाडीच्या दांड्याकडे बघत होती, आणि तिच्या खांद्यांवरून ती हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं.

काकू पाटींना काढा पाजायला बसल्या. हनुवटी फार वर न उचलता, बाटलीचं तोंड गालाच्या बाजूनं आत सरकवून, घोट-घोट, नाहीतर ठसका लागून औषध छातीत जातं. काम करता करताच त्यांनी सांगितलं की गाभणींना पलीकडच्या गावच्या दवाखान्यात न्या, गाभणींना चालेल असं औषध त्यांच्याकडे असतं, आणि बांडीलाही तिकडेच न्या, आत्ताच.

"तिकडचा दवाखाना उघडा आहे?" थोरलीनं विचारलं.

"उघडाच आहे."

"सून आली होती तेव्हाही?"

काकूंनी पुढची पाटी ओढली. लोकांचा आपापसात गलका सुरू झाला होता, कोणाचं इकडे लक्ष नव्हतं. थोरली उत्तराची वाट बघत उभी राहिली, ते मिळालं नाही, आणि न मिळालेलं उत्तर तिला समजलं. तिनं सुनेच्या हातातून हातगाडीचा दांडा घेतला आणि स्वतः ओढत निघाली.

गाभण शेळ्या वाचल्या. बांडी दवाखान्याच्या दारातच गेली. तिकडचे डॉक्टर म्हणाले, रक्तच उरलं नव्हतं, आधी आणली असती तर बघता आलं असतं. हे सून काकूंना सांगून गेली. काकूंनी कुठे पुरली ते विचारलं आणि लसूण सोलायला घेतला. त्या दिवशी गरजेपेक्षा बराच लसूण सोलला गेला.

इथे खरं तर सगळं संपायला हवं होतं. काकूंना हवं होतं ते मिळालं होतं, चारचौघांत, मोठ्या आवाजात. पण काकूंनी हिशेबात एक गोष्ट धरली नव्हती, ती म्हणजे थोरलीला बोलता येतं.

थोरली डेअरीवर गोष्ट सांगू लागली. आधी कोणी विचारलं म्हणून, मग कोणी विचारलं नाही तरी. माझंच डोकं फिरलं होतं हो, ती सांगायची, धाकटी बिचारी पायरीवर उभी राहून विनवतेय आणि मी काय शहाणी. गाभणींना दोन जीवांचं म्हणून जास्त पाजलं, म्हणजे बघा माझी अक्कल. मग कपाळावर हात मारायची. धाकटीचा आवाज काढायची, स्वतःचाही. काढा पितानाचा प्रसंग तर असा रंगवायची की ऐकणाऱ्याच्या जिभेला कडू लागावं. आतून आतडी पीळ घेत होती, पण म्हटलं, मरेन पण हिच्यासमोर तोंड वाकडं करणार नाही. लोक पोट धरून हसायचे. डेअरीवाल्यानं तिच्यासाठी खास स्टूल आणून ठेवलं. आणि गोष्ट संपली की कोणीतरी उसासा टाकून म्हणायचंच, स्वतःची चूक अशी उघड सांगायची म्हणजे काळीज लागतं, मन मोठं आहे थोरलीचं.

हे काकूंच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी खलबत्ता बाजूला ठेवला.

"चूक तिची," त्या म्हणाल्या, "आणि मोठं मनही तिचंच. मग माझ्याकडे काय राहिलं?"

गिऱ्हाईकं वाढली. लांबून-लांबून माणसं शेळ्या घेऊन यायची आणि सांगायची, थोरल्या काकूंनी पाठवलंय. घोट घेताना आता कोणी थोरलीला शिव्या देत नव्हतं. उलट, थोरल्या काकू अख्खं फुलपात्र प्यायल्या म्हणे, असं म्हणून माणसं छाती काढून प्यायची. काकू दिवसभर काढा पाजायच्या आणि संध्याकाळी चिडून बसायच्या. बरं, तक्रार तरी काय करणार? थोरली एक शब्द खोटा सांगत नव्हती.

असं त्यांना वाटत होतं. मग एकदा त्या स्वतः किटली घेऊन डेअरीवर गेल्या. थोरली स्टुलावर बसून रंगात आली होती. पायरी झाली, फुलपात्र झालं, 'तेव्हाही हेच म्हणाली होतीस' झालं. हातगाडीपर्यंत गोष्ट आली आणि थोरलीची नजर गर्दीमागे उभ्या काकूंवर पडली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मग गेलो दवाखान्यात," ती म्हणाली, "आणि सगळ्या वाचल्या."

काकू दूध न घेताच घरी आल्या. रिकामी किटली खाटेवर आदळली. सगळ्या वाचल्या म्हणाली मेली, त्या म्हणत राहिल्या, सगळ्या म्हणाली. बांडीचं नावच नाही, दवाखान्याचं नाही, सून आली होती त्याचं नाही. बिया द्यायला आलेल्या फळवालीनं त्यांना समजावलं की अहो, उलट बरंच नाही का, तुमचं झाकलं तिनं. काकूंचा चेहरा असा झाला की समजावणारीनं पाय मागे घेतला.

"झाकलं. म्हणजे आता मी तिची मिंधी. रोज त्या स्टुलावर बसून ती मला माफ करणार, आणि मी ऐकायचं."

त्या दिवशी त्यांनी काही खाल्लं नाही. माहेरच्या शेळीचं बोलल्या, पट्ट्याचं बोलल्या. बांडी लहान करडू असताना एकदा दोरी सोडवून गल्लीच्या या टोकाला आली होती, आणि आपण तिला हाकलून परत पाठवलं होतं, थोरलीची म्हणून. हे त्यांनी याआधी कोणाला सांगितलं नव्हतं. डोळे कोरडे होते. मधेच म्हणाल्या, जिभेवर आलं होतं गं माझ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा डेअरीवर गेल्या. आधी मागे, मग गर्दीतून वाट काढत थेट स्टुलासमोर. थोरली तेव्हा फुलपात्रापर्यंत आली होती. काकूंना बघून तिनं गोष्टीचा वेग वाढवला, लवकर संपवावी म्हणून. काकूंनी तिला संपवू दिलं. 'सगळ्या वाचल्या' येईपर्यंत हात बांधून उभ्या राहिल्या, आणि ते येताच म्हणाल्या, "सगळ्या नाही. बांडी मेली."

थोरली म्हणाली, अगं, असू दे.

"पलीकडचा दवाखाना उघडा आहे हे मला ठाऊक होतं. सून आली तेव्हाच ठाऊक होतं, आणि मी तिला सांगितलं नाही. जाऊबाई नाक घासत माझ्या दारात याव्यात म्हणून. त्या थांबल्या, मी थांबले, आणि तोवर ती शेळी संपली. माझ्याच वंशातली होती." काकूंनी आजूबाजूच्या एकेका तोंडाकडे बघितलं, कोणाला ऐकू आलं नसेल तर पुन्हा सांगायच्या तयारीनं. "आता हेही घाला गोष्टीत, जाऊबाई. उद्यापासून पूर्ण सांगा."

डेअरीवाल्याच्या हातातलं माप भरून वाहत होतं, त्याला भान नव्हतं. लोक एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. काळीज लागतं, असं या वेळी कोणी म्हणालं नाही. एक म्हातारी पुटपुटली, मुक्या जीवाचा काय दोष होता? काकूंनी ते ऐकलं आणि मान खाली घातली नाही.

थोरली स्टुलावरून उठली. जावेच्या अगदी जवळ येऊन, आवाज खाली करून म्हणाली, "हे कशाला बोललीस? मी मेले असते तरी कोणाला सांगितलं नसतं."

"म्हणूनच," काकू म्हणाल्या, आणि दुधासाठी किटली पुढे केली.